पडद्यावरचे एकाकी जीव

चित्रपट म्हणजे गाणी, मारामाऱ्या आणि घटकाभर करमणूक, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अगदीच खोटी नाही. पण अपुरी आहे. माणसाच्या मनात दडून बसलेले दुःख डोळ्यांपुढे उभे करण्याचे सामर्थ्यही या कलेत आहे. एकाकीपणा हे असेच एक दुःख होय.

एकांत आणि एकाकीपणा यांत मोठा भेद आहे. एकांत मनुष्य आपण होऊन शोधतो. संत तुकाराम भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, तो एकांत. एकाकीपणा मात्र नको असताना वाट्याला येतो आणि भर गर्दीतही पाठ सोडत नाही.

संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘श्वास’ या चित्रपटातील परशुराम हा कोकणातला लहान मुलगा. त्याच्या डोळ्यांना कर्करोग होतो. शस्त्रक्रिया केली तर प्राण वाचतील, पण दृष्टी कायमची जाईल. ही गोष्ट त्या पोराला सांगावी कशी, या विचाराने आजोबा व्याकूळ होतात. नातू शेजारीच असतो. पण मनातले सांगता येत नाही, म्हणून आजोबा एकटे पडतात. शस्त्रक्रियेपूर्वी ते नातवाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात आणि त्याला डोळे भरून शहर दाखवतात. हा चित्रपट 2004 साली प्रदर्शित झाला. त्याला सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ‘श्यामची आई’ या 1953 सालच्या चित्रपटानंतर असा मान मिळवणारा हा दुसरा मराठी चित्रपट ठरला.

अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ या चित्रपटातील चिन्मय अकरा वर्षांचा आहे. वडील निवर्तल्यावर आईची बदली होते आणि मायलेकरे पुणे सोडून कोकणातल्या लहानशा गावी येतात. शाळा नवी, मुले नवी. हळूहळू सवंगडी मिळतात. एके दिवशी सायकलींची शर्यत लावून सारे किल्ल्यावर जातात. तेथे चिन्मय मागे राहतो. धो धो पाऊस कोसळू लागतो. मित्रांना शोधावे, तर कोणीच दिसत नाही. ओले दगड, रिकामे तट आणि एक भेदरलेला मुलगा, एवढेच पडद्यावर उरते. त्याला किती एकटे वाटले, हे कोणी बोलून दाखवीत नाही. तरी ते पाहणाऱ्याला कळते.

त्यानंतर चिन्मय मित्रांवर रुसतो. नव्या कचेरीत त्याची आईही एकटीच असते. पण एका घरात राहूनही दोघे आपले दुःख एकमेकांना सांगत नाहीत. किल्ल्याचा तट शत्रूला बाहेर ठेवतो. पण दार लावून घेतले तर मित्रही बाहेरच राहतो! या चित्रपटाला 2014 साली बर्लिनच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला, तो मुलांच्याच परीक्षक मंडळाने दिला. जर्मनीतल्या मुलांनाही चिन्मयचे मन ओळखू आले.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात एकाकीपणाचे तिसरे रूप दिसते. संस्कृतचे एक वृद्ध पंडित स्मृतिभ्रंशाने स्वतःचे नावगावही विसरू लागतात. रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागे ते चालू लागतात आणि हरवतात. घरची माणसे त्यांना शोधत असता माहुताची गरीब बायको त्यांना लेकरासारखे जपते. तिची भाषा कानडी. पण मायेला भाषेची अडचण पडत नाही. ही भूमिका अमृता सुभाष यांनी केली. ‘किल्ला’तील आईही त्याच.

परभणी जिल्ह्यातील ताडकळसपासून कोकणचा समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही चिन्मयचे दुःख मराठवाड्यातल्या मुलांना परके नाही. ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे दरवर्षी गाव सोडून कित्येक महिने दूर राहतात. काही मुले आईबापांबरोबर जातात, काही आजीजवळ राहतात. जाणाऱ्याची शाळा सुटते. राहणाऱ्याला सांजवेळी घर ओकेबोके वाटते. वर्गात गप्प बसणारा मुलगा नेहमीच घुमा नसतो. कधी कधी त्याला कोणी काही विचारलेलेच नसते.

चित्रपटगृहातील अंधारात अनोळखी माणसे एकाच मुलासाठी हळहळतात. दिवे लागले, की ती आपापल्या घरी जातात. पण शेजारच्या बाकावरील अबोल मुलाला दुसऱ्या दिवशी कोणी खेळायला बोलावले, तर तो चित्रपट खऱ्या अर्थाने पाहिला, असे म्हणता येईल.

स्वाध्याय

1. एकांत आणि एकाकीपणा यांतील भेद उदाहरणे देऊन सांगा.
2. नातू जवळ असूनही ‘श्वास’मधील आजोबा एकटे का पडले?
3. वर्गात नवीन आलेल्या मुलाला परके वाटू नये म्हणून काय काय करता येईल, ते दहा ओळींत लिहा.