बागेतील केराची टोपली

घर आपले असते, म्हणून घरातील केर आपल्या डोळ्यांना खुपतो. सार्वजनिक बाग सर्वांची असते; आणि जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, असा एक विपरीत समज आपल्या मनात घर करून बसलेला असतो. जी माणसे सकाळी आपले अंगण लख्ख झाडून घेतात, तीच सायंकाळी बागेच्या हिरवळीवर शेंगांची टरफले, भेळेचे कागद आणि बिस्किटांची वेष्टने टाकून निश्चिंत मनाने घरी जातात.

पुण्यातील सारसबागेचे उदाहरण घ्या. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या या जागी पेशवेकाळात तळे होते व त्यातील बेटावर गणपतीचे देऊळ होते. तळे गेले, भोवती बाग झाली. तरी लोक त्या देवाला अजून ‘तळ्यातला गणपती’ असेच म्हणतात. सुटीच्या दिवशी अशा बागेत माणसांची रीघ लागते. समजा, पाचशे माणसे आली आणि त्यांपैकी दर पाचव्या माणसाने केवळ एकच कागद टाकला, तरी शंभर कागद हिरवळीवर पडले! ‘माझ्या एकट्याच्या कागदाने काय होणार?’ असे त्या शंभरांपैकी प्रत्येकाला वाटलेले असते.

हा केर पडल्या जागी स्वस्थ बसत नाही. वाऱ्याने तो उडतो, पावसाने वाहतो आणि गटारात जाऊन पाण्याची वाट अडवतो. केळीचे साल काही आठवड्यांत मातीत मिसळते. पण प्लॅस्टिकचे वेष्टन कुजत नाही, त्याचे फक्त बारीक बारीक तुकडे होत जातात. अन्नाच्या वासाने मोकाट गुरे पिशवीसकट ते अन्न गिळतात आणि त्यांच्या पोटात ती पिशवी साचून राहते. फेकलेल्या पेल्यात पावसाचे पाणी साठले, तर डेंग्यूच्या डासाला अंडी घालण्यास तेवढे पाणी पुरते.

मग सारा दोष माणसांच्या आळसाचाच काय? तसे म्हणता येणार नाही. कणीस खाऊन झालेला एखादा मुलगा बुरकुंडा हाती धरून इकडेतिकडे पाहतो. टोपली दूर फाटकाजवळ असते. तो तिथवर जातो, तर ती तोंडापर्यंत भरलेली! कुत्र्यांनी अर्धा केर बाहेर ओढलेला असतो. तो बिचारा बुरकुंडा टोपलीशेजारी ठेवतो. मागून येणारे तेथेच आपली भर घालतात. अशा वेळी माणसाइतकीच टोपलीही अपराधी असते.

टोपली कशी असावी, याचा विचार फार पूर्वीच सुरू झाला. फ्रान्सच्या राजधानीत, पॅरिसमध्ये, एझेन पुबेल नावाचे एक प्रशासक होते. त्या काळी तेथील लोक केर सरळ रस्त्यावर टाकीत. १८८४ साली पुबेल यांच्या हुकमाने प्रत्येक घरमालकास भाडेकरूंसाठी झाकणाची केरपात्रे ठेवणे भाग पडले. कुजणारा केर एकात, कागद व चिंध्या दुसऱ्यात आणि फुटकी काच, खापरे व शिंपले तिसऱ्यात, अशी विभागणीही त्यांनी ठरवून दिली. घरमालक खर्चाच्या नावाने कुरकुरले. चिंध्या वेचून पोट भरणाऱ्यांना आपल्या उपजीविकेची चिंता वाटली. परंतु ती पद्धत रुजली. आज फ्रेंच भाषेत केराच्या डब्याला ‘पुबेल’ असेच म्हणतात.

बागेतील चांगल्या टोपलीची लक्षणे फारशी अवघड नाहीत. जेथे हातातील वस्तू संपते तेथे ती हवी : बाकाशेजारी, खेळाच्या जागेपाशी, पाणपोईजवळ आणि खाद्यपदार्थांच्या गाड्यांसमोर. लहान मुलाचा हात पोहोचेल इतकीच तिची उंची असावी. पाऊस आत जाऊ नये म्हणून वर छप्पर आणि आत आलेले पाणी निघून जावे म्हणून तळाला छिद्रे असावीत. कुत्र्याने पाडू नये म्हणून ती खांबाला घट्ट बसवलेली असावी. ओल्या केरासाठी एक व सुक्यासाठी दुसरी, अशी जोडी असावी. आणि न वाचता येणाऱ्यालाही कळेल असे चित्र प्रत्येकीवर असावे. एवढे करूनही ती वेळेवर रिकामी झाली नाही, तर सारे व्यर्थ! गर्दीच्या दिवशी ती दोनदा रिकामी करावी लागेल.

झाडांची गळलेली पाने मात्र टोपलीत भरू नयेत, जाळूही नयेत. बागेच्या एका कोपऱ्यात खड्डा करून ती त्यात ओलसर ठेवली, की काही महिन्यांत त्यांचे उत्तम खत होते. झाडाचे झाडाला परत मिळते.

टोपलीत पडलेला केर तेथून पुढे कोणाच्या तरी हातांतून जातो, हे आपण विसरतो. उघडी टाकलेली फुटकी काच त्या हातांना कापते. म्हणून ती जाड कागदात गुंडाळूनच टाकावी. पुण्यात १९९३ साली केर वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभारली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. वेचलेला कोरडा कागद आणि काच विकून त्यांचा चरितार्थ चालतो. उरलेल्या भेळेने माखलेल्या कागदाला बाजारात कोणी विचारीत नाही. ओला केर सुक्यात मिसळणारा मनुष्य नकळत त्यांच्या मजुरीवर पाणी ओततो.

१८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेले संत गाडगे महाराज गावात पाऊल टाकताच हाती खराटा घेत. दिवसा ते गावाचे रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडीत. दुसऱ्याने केलेली घाण काढण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग स्वतःच्या हातचा कागद टोपलीपर्यंत नेण्यात आपल्याला कसला कमीपणा?

मुलांनो, एका सायंकाळी आपल्या गावच्या बागेत तासभर बसा. केर कोठे पडतो आणि टोपल्या कोठे आहेत, हे वहीत नकाशा काढून नोंदवा. दोहोंतील अंतर पावलांनी मोजा. मग तो नकाशा जोडून नगरपालिकेला एक नम्र पत्र लिहा. उत्तर येण्यास विलंब लागेल. तोवर आपला केर खिशातून घरी आणता येतो.

स्वाध्याय

१. ‘टोपलीही अपराधी असते’ असे लेखक का म्हणतो?
२. ओला व सुका केर एकत्र केल्याने कोणाचे व कसे नुकसान होते?
३. तुमच्या शाळेच्या पटांगणात टोपल्या कोठे असाव्यात, ते कारणांसह लिहा.
४. ‘पाणी ओतणे’ व ‘मनात घर करणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.