मणक्याला मार लागला? इंजेक्शनच्या मागे धावू नका

उसाच्या ट्रॉलीवरून खाली पडणं, झाडावरून घसरणं, हायवेवर मोटारसायकल आदळणं या गोष्टी चिकोडी-निपाणी भागाला नव्या नाहीत. अशा अपघातानंतर ‘पायात जीव नाही’ असं रुग्ण म्हणू लागला की नातेवाईक विचारतात, ‘‘डॉक्टर, ते स्टेरॉईडचं इंजेक्शन लगेच द्यायचं ना?’’

ही समजूत जुन्या अभ्यासातून आली. १९९० साली अमेरिकेत असं दिसलं की मार लागल्यापासून आठ तासांच्या आत मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड मोठ्या मात्रेत दिलं, तर थोडी सुधारणा होते. जगभर ते सर्रास दिलं जाऊ लागलं. पुढे त्या आकड्यांची छाननी झाली, तेव्हा फायदा अगदी थोडा आणि तोही वादाचा ठरला. न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, पोटात रक्तस्राव, साखर वाढणं हे धोके मात्र खरे निघाले. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या संघटनांनी ‘हे वापरू नका’ असं सांगितलं. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आठ तासांच्या आत, चोवीस तासांपुरतं, एक पर्याय म्हणून ते ठेवलं आहे. आठ तास उलटल्यावर नाही. डोक्यालाही जबर मार असेल तर जास्तच सावधगिरी हवी, कारण २००४ च्या मोठ्या अभ्यासात डोक्याला मार लागलेल्यांत या औषधाने मृत्यू वाढले होते.

म्हणून हा निर्णय तज्ज्ञांवर सोडा. तुमच्या हातात आहे ते नीट करा. रुग्णाला उठवून बसवू नका, चोळू नका, दुचाकीवर दोघांच्या मध्ये तर अजिबात घालू नका. मान दोन्ही बाजूंनी गुंडाळलेल्या टॉवेलने स्थिर ठेवा. १०८ ला फोन करा. हलवावंच लागलं तर तिघा-चौघांनी डोकं, पाठ, पाय एका रेषेत ठेवून ओंडक्यासारखं एकदम उचला आणि सपाट फळीवर घ्या. पाणी-चहा पाजू नका. कारण शस्त्रक्रिया लागू शकते.

बेळगाव असो की कोल्हापूर, एमआरआय आणि मणक्याचा सर्जन जिथे आहे तिथेच थेट न्या. निघण्याआधी फोन करून खात्री करा. मणक्यातल्या मज्जारज्जूवरचा दाब चोवीस तासांच्या आत काढणं आणि रक्तदाब घसरू न देणं, हेच आज जास्त मोलाचं मानलं जातं.

पायात जीव परत आला नाही तरी उपचार संपत नाहीत. लघवीची काळजी, पाठीला जखमा होऊ न देणं आणि व्यायाम पहिल्या दिवसापासून शिकून घ्या. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आहे. गरज पडली तर तिथे चौकशी करायला संकोच करू नका.