दाढदुखी : वेदना ओळखावी कशी?

वसतिगृहात मध्यरात्री अधीक्षकांचे दार ठोठावणारा विद्यार्थी बहुधा पोट किंवा दाढ दुखते म्हणून आलेला असतो. पोटदुखीची आम्ही तत्काळ दखल घेत असू. दाढदुखी मात्र लवंग आणि एका गोळीवर भागवीत असू. आठवीतील एका विद्यार्थ्याची दाढ चार रात्री ठणकली आणि पाचव्या दिवशी आपोआप शांत झाली. आम्ही निश्चिंत झालो. पंधरा दिवसांनी त्याचा गाल सुजला, ताप चढला, तोंड उघडेना. दंतवैद्यांनी सांगितले, ‘‘दुखणे थांबले ते नस मेल्यामुळे, आत पू वाढतच होता.’’ दाढ काढावी लागली. चूक आमची होती.

दाताच्या बाहेरील कवचाला संवेदना नसते. कीड त्याखालच्या थरात शिरली की थंड पाण्याने वा गोडाने क्षणभर कळ येते आणि ओसरते. दाखवण्याची खरी वेळ हीच. या टप्प्यावर बहुधा दात भरून काम भागते. पुढे गरम चहाने उठलेली कळ बराच वेळ रेंगाळते, आडवे होताच ठणका वाढतो, झोप मोडते. दाताच्या आतील नसेला सूज आलेली असते आणि त्या कठीण पोकळीत सुजेला पसरायला जागा नसते. म्हणून ती वेदना इतकी असह्य. आता रूट कॅनाल तरी करावे लागते किंवा दात काढावा लागतो. चावताना एकाच दातात कळ येत असेल, तर दाताला तडा गेलेला असतो किंवा मुळाशी पू झालेला असतो. सर्दीत वरच्या साऱ्या दाढा एकदम दुखल्या, तर दोष सायनसचाही असू शकतो. वडीलधाऱ्यांचा जबडा जिना चढताना दुखून विसाव्याने थांबत असेल, तर आधी हृदय तपासून घ्यावे.

पालकांना एक विनंती. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे उगवणारी दाढ कायमची असते. ती येताना कोणताच दात पडत नाही, म्हणून घरोघरी ती दुधाचीच समजली जाते. ‘पडेल आपोआप’ म्हणत कीड वाढू दिली जाते. पाचवीत प्रवेश घेणाऱ्या मुलांत हे आम्ही वारंवार पाहतो. तसेच दुखऱ्या दाताला मशेरी लावणे माता-भगिनींनी सोडावे. तंबाखूने कीड जात नाही, तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र वाढतो.

दंतनिगा आपल्या परंपरेला परकी नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना दंतकाष्ठाची अनुज्ञा दिली आहे आणि त्याची लांबी आठ अंगुळांपुरती मर्यादित केली आहे, कारण लांब दंतकाष्ठाने सामणेरांना मारण्याचा प्रकार घडला होता. (अधीक्षकांनी हा भाग अवश्य वाचावा!)

दुखणे दोन दिवसांपलीकडे गेल्यास दंतवैद्य गाठावा. गालावर सूज वा ताप असल्यास त्याच दिवशी जावे. गिळताना वा श्वास घेताना त्रास होत असेल, जिभेखाली सूज असेल किंवा ती डोळ्याकडे सरकत असेल, तर रात्र असली तरी थेट मोठे रुग्णालय गाठावे.

आता आमच्या आजारपणाच्या नोंदवहीत दाढदुखीसाठी वेगळा रकाना आहे : कोणती दाढ, कशाने दुखते, किती वेळ. ‘दुखणे थांबले’ अशी नोंद झाली, तरी त्या विद्यार्थ्याला आम्ही दंतवैद्यांकडे नेतोच.