टेम्प फोल्डर पुसण्याआधी

बुधवारची दुपार. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून वेल्डिंग फिक्श्चरचं ड्रॉइंग संध्याकाळच्या आत मशिनशॉपला द्यायचं होतं. मी तेव्हा चाकणजवळ खराबवाडीच्या एका टूलरूममध्ये ऑटोकॅडवर बसायचो. तीन वाजता लाईट गेली. यूपीएसची बॅटरी आधीच बसलेली, कॉम्प्युटर फटकन बंद. परत चालू झाला तो रखडतच. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली. मी टेम्प फोल्डर उघडला, सगळं सिलेक्ट केलं आणि शिफ्ट दाबून डिलीट मारलं. मग ड्रॉइंग उघडलं, तर साडेअकरानंतरची एक रेघही त्यात नव्हती. मध्ये एकदाही सेव्ह केलं नव्हतं.

ऑटोकॅड दर दहा मिनिटांनी आपणहून एक प्रत ठेवतं, हे मला माहीत होतं. ती टेम्पमध्येच असते, हे माहीत नव्हतं. ऑटोकॅड नीट बंद केलं की ती पुसली जाते, मध्येच बंद पडलं तर मागे राहते. नावाच्या शेवटी एसव्ही आणि डॉलरचं चिन्ह असतं. तिथे डीडब्ल्यूजी लिहिलं की ड्रॉइंग उघडतं. माझे साडेतीन तास त्या फाइलमध्ये होते. शिफ्ट दाबल्यामुळे ती रिसायकल बिनमध्येही नव्हती. लोकेटिंग पिना, क्लॅम्पच्या जागा, सगळं पुन्हा काढत रात्री साडेदहा वाजले. माझ्यासाठी मशिनशॉपमधल्या व्हीएमसी मशीनचा ऑपरेटरही थांबून राहिला.

म्हणून सांगतो. लाईट जाऊन आली की आधी ऑटोकॅड उघडा, रिकव्हरीच्या यादीत आपलं ड्रॉइंग दिसतं का बघा. ते नव्या नावाने सेव्ह झाल्यावरच साफसफाई. टेम्पमधल्या फाइल तारखेप्रमाणे लावा आणि आठवड्यापेक्षा जुन्या तेवढ्याच काढा, शिफ्ट नको. विंडोजच्या साफसफाईच्या यादीत डाउनलोड्स दिसलं तर त्यावर टिक करू नका. २०१८ साली विंडोज १० च्या डिस्क क्लीनअपच्या यादीत तो फोल्डरही आला होता, २०२० मध्ये तिथून काढला गेला, आणि आपल्याकडे कंपनीची ड्रॉइंगं, पीओ तिथेच पडलेले असतात. ब्राउझरची कॅश उठसूट पुसण्यातही अर्थ नाही. पान लवकर उघडावं म्हणूनच ती असते. ड्राइव्हमध्ये जागा असूनही मशीन रखडत असेल तर मालकांना सांगून जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून घ्या.

आणि ऑटोकॅडच्या ऑप्शन्समध्ये, फाइल्सच्या टॅबखाली, ऑटोसेव्हची जागा बदलता येते. ती आजच डी ड्राइव्हवर न्या.