खंदकातील युद्ध आणि मराठी शिपाई

पहिल्या महायुद्धाचा अभ्यास आपण कला शाखेचे विद्यार्थी बहुधा कारणे आणि परिणाम अशा दोन मथळ्यांखाली करतो. साराजेव्होचा खून, गुप्त तह, व्हर्सायचा करार हे सारे पाठ होते. पण त्या चार वर्षांत लढणारा माणूस कोठे आणि कसा दिवस काढीत होता, हे त्यातून कळत नाही. पुष्कळ ठिकाणी तो खंदकात होता. त्याच खंदकांत आपली मराठी माणसेही होती, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

मशीनगन, काटेरी तारा आणि जलद मारा करणाऱ्या तोफा यांच्यापुढे उघड्या मैदानात उभे राहणे अशक्य झाले, तेव्हा सैन्ये जमिनीत शिरली. १९१४ संपता संपता स्वित्झर्लंडच्या सीमेपासून उत्तर समुद्रापर्यंत खंदकांची रांग तयार झाली. खंदक खणणे, सुरुंग लावणे ही कामे सॅपर्सची. खडकीच्या सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्या फ्रान्समध्ये होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव्ह शापेल या गावी त्यांना पायदळाप्रमाणे चढाई करावी लागली व त्यांची फार मोठी हानी झाली.

परंतु मराठी पलटणींची खरी कसोटी लागली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. जनरल टाउनशेंडच्या हाताखालील सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. बगदादच्या वाटेवरून माघार घेऊन हे सैन्य कूत-अल-अमारा येथे आले. गावाच्या तीन बाजूंना तैग्रिस नदी आणि चौथ्या बाजूस खंदक. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांचा वेढा पडला, तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत उठला नाही.

इरई-झरपटेचा पूर पाहिलेल्या आपल्याला पुढचे चित्र कळण्यास कठीण नाही. जानेवारी १९१६ मध्ये नदीचे पाणी खंदकांत शिरले आणि दोन्ही बाजूंना पुढचे खंदक सोडून मागे यावे लागले. आपल्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत पायांना चिखल्या होतात. पण संध्याकाळी घरी येऊन पाय धुता येतात, कोरडे करता येतात. खंदकातील शिपायाला ती सोय नव्हती. गार पाण्यात दिवसेंदिवस उभे राहिल्याने पायांतील रक्ताभिसरण मंदावते, पाय बधिर होऊन सुजतात आणि अखेर सडतात. फ्रान्समध्ये याच दुखण्याला ‘ट्रेंच फूट’ असे नाव पडले. पाय कोरडे ठेवणे, तेल चोळणे आणि मोजे बदलणे हाच त्यावर उपाय होता.

कूतमध्ये भूक हा दुसरा शत्रू. अन्न संपत आल्यावर घोडे मारण्यात आले. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्ले, पण हिंदी शिपायांनी बराच काळ नाकारले. गावी परतल्यावर लोक जातीबाहेर टाकतील, मुलींची लग्ने होणार नाहीत, ही त्यांची भीती होती. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा मागविली, तरी बहुतेकांनी ते एप्रिलपर्यंत लांबविले. परिणामी ताज्या अन्नावाचून हिंदी शिपायांना स्कर्व्हीने ग्रासले, तर पांढऱ्या पावावर राहणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला. कोंड्यासह दळलेल्या कणकेमुळे हिंदी शिपाई त्यातून वाचले. म्हणजे हजारो मैलांवरच्या खंदकातही गाव शिपायाच्या ताटाशी बसलेले होते! शरणागतीनंतर सुमारे १३,००० लोक कैद झाले आणि वाळवंटातील पायपिटीत व छावण्यांत त्यांतील हजारो मेले.

शरीराचे हाल दिसतात, मनाचे दिसत नाहीत. खंदकातील शिपायाला पळता येत नाही, प्रतिकार करता येत नाही. पुढचा तोफगोळा कोठे पडेल याची नुसती वाट पाहावी लागते. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला. हात कापणे, वाचा जाणे, झोप न लागणे ही त्याची लक्षणे. प्रथम स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते असे मानले गेले; पण स्फोटाजवळ नसलेल्यांतही ती आढळली, तेव्हा हे मनाचे दुखणे आहे हे पटू लागले. तरीही अनेकांवर भित्रेपणाचा शिक्का बसला. पळपुटेपणा, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ साली माफी दिली.

आपल्याकडे साताऱ्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान या युद्धात कामी आले. महाराष्ट्रातील कित्येक गावांत भिंतीवर संगमरवरी शिळा आहे; तीवर गावातून किती गेले आणि किती परतले नाहीत याचे आकडे आहेत. पण जे परतले आणि रात्री दचकून उठत राहिले, त्यांचा आकडा कोणत्याही शिळेवर नाही. घरच्यांनी त्याला ‘बाहेरची बाधा’ म्हटले असेल, कोणी स्वभाव म्हटले असेल.

मला वाटते, इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम येथून सुरू होते. विद्यार्थी मित्रहो, आपल्या गावात, नात्यात कोणी सैन्यातून परतलेले असेल, तर त्यांना पराक्रमाची गोष्ट जरूर विचारा. पण झोप लागते का, हेही विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.