घाम, तहान आणि शरीराची उष्णता

इ. स. १७७४ साली लंडन येथे डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी मुद्दाम तापविलेल्या खोलीत डॉ. चार्ल्स ब्लॅग्डेन व त्यांचे सहकारी प्रयोगासाठी शिरले. खोलीतील कोरड्या हवेचे तापमान एका वेळी सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत चढले होते. त्या हवेत ठेवलेली अंडी व मांसाचा तुकडा शिजून निघाला. परंतु काही मिनिटे तेथे उभ्या राहिलेल्या माणसांच्या शरीराचे तापमान फारसे वाढले नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर त्याच खोलीतील पाण्याच्या भांड्याने दिले. भांड्यातील नुसते पाणी पुष्कळ वेळ ठेवूनही उकळेना. त्यावर थोडे तेल टाकून पृष्ठभाग झाकला, तेव्हा मात्र ते उकळू लागले. उघड्या पाण्याची वाफ होत होती व ती वाफ पाण्यातील उष्णता घेऊन जात होती. तेलाच्या थराने ही वाट बंद केली. घरातील माठात पाणी गार राहते ते बाष्पीभवनामुळेच. आणि माणसाचे शरीरही उन्हाळ्यात तग धरते ते त्याच्याच बळावर.

उष्णतेचा जमाखर्च

निरोगी माणसाच्या शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. माणूस स्वस्थ पडून असला, तरी त्याच्या शरीरात दर तासाला सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता उत्पन्न होत असते. ती बाहेर पडलीच नाही, तर शरीराचे तापमान तासाभरात एक अंशाहून अधिक वाढेल. हवा थंड असताना ही उष्णता त्वचेवाटे सहज निघून जाते. परंतु हवा त्वचेहून अधिक तापली, म्हणजे बाहेरचीच उष्णता आत येऊ लागते. अशा वेळी घाम हा एकच मार्ग उरतो.

मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग रक्ताच्या तापमानावर सतत लक्ष ठेवून असतो. ते वाढताच त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वीस ते चाळीस लक्ष स्वेदग्रंथी पाझरू लागतात. एक लिटर घामाचे त्वचेवर बाष्पीभवन झाले, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. मात्र जो घाम नुसताच गळून पडतो, त्याचा असा उपयोग होत नाही. दमट हवेत नेमके हेच घडते. म्हणूनच राजस्थानातील कोरड्या उन्हापेक्षा मुंबई किंवा चेन्नई येथील त्याहून कमी तापमानही कित्येकदा अधिक असह्य होते. तेथील बाष्पाने भरलेली हवा ब्लॅग्डेन यांच्या भांड्यातील तेलासारखे काम करते.

पाण्याचा जमाखर्च

उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. हे पाणी अखेर रक्तातूनच येते. त्यामुळे रक्तातील क्षारांचे प्रमाण शेकडा एक-दोन भागांनी वाढले, तरी हायपोथॅलॅमसला त्याची जाणीव होते. माणसाला तहान लागते, आणि पीयूषिका ग्रंथीतून सुटणारे एक संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवावयास लावते. मूत्रपिंडे दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यापैकी ९९ टक्के पुन्हा रक्तात पाठवितात. तरीही निरुपयोगी द्रव्ये टाकून देण्यासाठी निदान अर्धा लिटर मूत्र खर्ची घालावेच लागते. मूत्रपिंडे पाणी वाचवितात. नवे पाणी निर्माण करीत नाहीत.

अशा रीतीने उष्णता आणि पाणी यांचे दोन हिशेब एकमेकांत गुंतलेले आहेत. पाणी व मीठ यांची भरपाई झाली नाही, तर रक्ताचे आकारमान घटते, त्वचेकडे जाणारे रक्त कमी पडते, घाम कमी होतो आणि तापमान चढू लागते. ते ४० अंशांपलीकडे जाऊन भ्रम किंवा बेशुद्धी आली, म्हणजे तो उष्माघात होय. मे २०१० मध्ये अहमदाबाद येथे तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या महिन्यात लगतच्या वर्षांतील मे महिन्यांच्या मानाने १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासकांना आढळले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेपासून बचावाची योजना आखली.

उष्माघात झालेल्या माणसाला तत्काळ सावलीत न्यावे, त्याच्या अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व वैद्यकीय मदत मिळवावी. तो शुद्धीवर नसेल, तर त्याच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. ओले अंग व वारा यांनी जे साधते, ते त्याच्या स्वेदग्रंथींचेच थांबलेले काम होय.