वांग, वात, टीबी की ल्युपस?

गालावर काळपट डाग आले की बाई मेडिकलमधून वांगाची ट्यूब आणते. बोटं आखडली की वात म्हणते. ताप, घटलेलं वजन आणि छातीत पाणी दिसलं की दवाखान्यात पहिलं नाव टीबीचं निघतं. आपल्याकडे टीबी आहेच, म्हणून तो तपासायलाच हवा. पण ही दुखणी एकाच बाईला एकामागून एक होत असतील, तर ल्युपसची शंका घ्यावी.

यात शरीराची रोगाशी लढणारी शक्ती आपल्याच अवयवांवर उलटते. हा संसर्ग नाही. एका ताटात जेवल्याने लागत नाही. दहा रुग्णांत सुमारे नऊ बायका असतात, बहुतेक १५ ते ४५ वयातल्या.

नर्सिंगला असताना आम्ही पुस्तकात गालावरचा फुलपाखरासारखा लाल चट्टा पाहिला, तोही गोऱ्या कातडीवर. सावळ्या चेहऱ्यावर तो तपकिरी किंवा जांभळट दिसतो आणि वांगात खपून जातो. काहींना चट्टा येतच नाही. म्हणून तोंडात न दुखणारे व्रण, गळणारे केस, उन्हात गेल्यावर वाढणारा त्रास, हेही विचारावं लागतं. लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगावं.

एक बाई आम्हाला विसरता येत नाही. दोन गर्भ पडलेले. तिसऱ्या खेपेला व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली आणि सासरच्यांनी तिच्या चारित्र्यावर बोट ठेवलं. ल्युपसमध्ये ही तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, हे तिला कुणी सांगितलंच नाही. पुढे टीपीएचए केली, ती निगेटिव्ह. मग शोध घेतला तेव्हा ल्युपस निघाला, आणि रक्तात गुठळ्या करणारा, गर्भ पाडणारा त्याचा जोडीदार दोषही. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली तर टीपीएचए मागून घ्या. भांडण नंतर करा.

कधी आजार मेंदूपासून सुरू होतो. फिट येते, बाई भलतंच बोलते. तिला बाबा-बुवाकडे नव्हे, दवाखान्यात न्या.

सगळ्यात फसवी किडनी. ती बिघडताना दुखत नाही. लघवीला फेस, पायावर सूज, तरुण वयात वाढलेलं बीपी दिसलं तर लघवीतलं प्रोटीन तपासा. ही तपासणी स्वस्त आहे. एएनए ही रक्ताची तपासणी निगेटिव्ह असेल तर ल्युपसची शक्यता फार कमी. पण निरोगी माणसांतही ती पॉझिटिव्ह येते, त्यामुळे एकट्या कागदावर घाबरू नये.

निदान झालं की बहुतेकांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देतात. २०२० मध्ये कोरोनासाठी लोकांनी हीच गोळी साठवली आणि ल्युपसच्या बायका मेडिकलमधून रिकाम्या हाताने परतल्या. ही गोळी चालू असताना डॉक्टर सांगतील तेव्हा डोळे तपासावे लागतात. स्टेरॉइड बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं.

कातडीचा कागद एकीकडे, बाळंतपणाचा दुसरीकडे, टीबीचा तिसरीकडे, असं असेल तर डॉक्टरांनाही ओळखता येत नाही. जुने सगळे कागद तारखेप्रमाणे एकाच पिशवीत लावा आणि ती पिशवी मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत घेऊन जा.